न भागणारी भूक आणि आमचा अन्नधर्म

दारी आलेल्या भुकेल्याला विन्मुख पाठवू नये, ही गोष्ट वारकऱ्याला पोथी उघडून शिकवावी लागत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे रयतेला मोकळी करून दिली, ही कथा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. नामदेवराय तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. का, तर बिचाऱ्याला कोरडी खावी लागू नये. ज्या संप्रदायात चोरून पळणाऱ्या मुक्या जनावरालाही तूप वाढायचे, त्या संप्रदायातल्या माणसाने लहान मुलाच्या हातातला घास काढून घ्यावा काय? आणि घेतला, तर तो पापाचा धनी होतो की पुण्याचा? हा प्रश्न कीर्तनातल्या पूर्वपक्षासारखा नुसता रंगवण्यासाठी आम्ही काढलेला नाही. रोज तिन्हीत्रिकाळ हा प्रसंग ज्यांच्यावर येतो, अशी काही घरे आपल्यातच आहेत. त्यांची संख्या थोडी आहे, म्हणून त्यांचे दुःख कोणाच्या ध्यानात येत नाही, इतकेच.

या घरांतल्या मुलांना जो विकार असतो त्याला प्राडर-विली असे नाव आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी आंद्रेआ प्राडर, अलेक्सिस लाबहार्ट व हाइनरिक विली या तिघा डॉक्टरांनी १९५६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातल्या दोघांची नावे त्याला चिकटली. साधारण पंधरा ते पंचवीस हजार जन्मांत असे एक मूल जन्माला येते. मुलगा असो वा मुलगी, गरिबाघरचे असो वा सावकाराघरचे, काही भेद नाही.

याची सुरुवातच मोठी उफराटी आहे. मूल जन्मते ते कापसाच्या बाहुलीसारखे लुळे. रडणे क्षीण, मान धरणे नाही, आणि दूध ओढण्याचीसुद्धा ताकद नाही. नळीने पाजावे लागते. त्या दिवसांत आई देवापुढे काय मागत असेल? देवा, याला भूक लागू दे, याच्या पोटात चार घास जाऊ देत. पुढे मूल हळूहळू बसू लागते, उशिराने का होईना चालू लागते, जेवू लागते. दोनअडीच वर्षांचे झाले की अंग धरते. घरात आनंद होतो. मग कोणाला पाचव्या वर्षी, कोणाला आठव्या, अशी एक भूक येते की ती जेवणाने भागत नाही. चार भाकरी खाऊन उठलेले मूल पाचवीकडे तसेच पाहते, जसे आपण पहिलीकडे पाहतो. मग दुरडीतली भाकरी जाते, फडताळातला गूळ जातो, शेजारणीने वाळत घातलेल्या कुरडया जातात. पुढे कच्चे पीठ, गोठ्यातली पेंड, उकिरड्यावर टाकलेले खरकटे, यांतलेही काही वर्ज्य राहत नाही. विचारले तर मूल नाही म्हणते. तोंडाला पीठ लागलेले असते आणि तरी नाही म्हणते. आणि लोक म्हणतात, पोरगं हावरट निघालं, चोर निघालं, खोटं बोलायला शिकलं. आईबापांनी लाडावून ठेवलंय, दुसरं काय!

या विकारात मुळात बिघडते काय, हे समजून घेतल्याशिवाय पाप-पुण्याचा निवाडा करू नये, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपल्या देहाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. (गुणसूत्र हा शब्द ज्याने कोणी मराठीत रूढ केला त्याला आमचा नमस्कार. सूत्रात गुण ओवलेले असतात, हे आपल्या जुन्या तत्त्वविचाराच्या किती जवळचे आहे!) प्रत्येक जोडीतले एक सूत्र आईचे, एक बापाचे. बहुतेक ठिकाणी दोघांचेही काम चालते. पण पंधराव्या जोडीवर एक लहानशी जागा अशी आहे की तिथे काही जनुके आईकडून आली तर मुकी असतात. बापाकडून आलेलीच तेवढी बोलतात. निसर्गाने आईच्या प्रतीवर जणू कुलूप घालून ठेवलेले असते. अशा वेळी बापाच्या सूत्रातला नेमका तेवढाच तुकडा गळला, तर त्या जागी बोलायला कोणीच उरत नाही. दहांपैकी सहा-सात मुलांत असे होते. राहिलेल्यांपैकी बहुतेकांत दोन्ही सूत्रे आईचीच येतात आणि बापाचे येतच नाही, परिणाम तोच. तुकडा गळतो हे १९८१ साली कळले, आणि आईबापांच्या प्रतींत असा भेद असतो हे त्या दशकाच्या अखेरीस उलगडले.

आता याहूनही नवलाची गोष्ट ऐका. त्याच पंधराव्या सूत्राचा तोच तुकडा आईच्या बाजूने गळला, तर मूल अगदी निराळे होते. शेजारचे एक जनुक असे आहे की मेंदूत त्याची आईकडून आलेली प्रतच काम करते. हॅरी अँजेलमन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९६५ साली अशा तीन मुलांचे वर्णन केले. ही मुले बोलत नाहीत किंवा एखाददुसराच शब्द बोलतात, डुलत डुलत चालतात, झोप थोडी, आकडी येते; पण ती हसतात. कारण असो नसो, ती हसत असतात. इटलीतील व्हेरोना येथे एका हसऱ्या मुलाचे जुने चित्र अँजेलमनने पाहिले होते, आणि त्यावरून या मुलांविषयी लिहावे असे त्याच्या मनाने घेतले. म्हणजे पाहा, तुकडा एकच. बापाचा गळला तर स्वभावात हट्ट आणि न भागणारी भूक, आईचा गळला तर अखंड हसू. आता कोणी सांगावे की त्या हसणाऱ्या मुलाने कोणते पुण्य केले आणि या भुकेल्या मुलाने कोणते पाप?

आम्ही हे मुद्दाम विचारतो, कारण गावोगाव याचे उत्तर तयार असते. मागल्या जन्मी अन्नाची नासाडी केली असेल, कोणाचा घास हिरावला असेल, म्हणून या जन्मी असे झाले! कर्मविपाक खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण दुसऱ्याचे प्रारब्ध वाचण्याचा अधिकार आपल्याला दिला कोणी? प्रारब्धाचा विचार संतांनी सांगितला तो आपल्यावर आलेले दुःख शांतपणे सोसता यावे म्हणून. शेजारणीच्या दुःखावर मीठ चोळण्यासाठी तो वापरणे म्हणजे औषधाची मुळी उगाळून विष करणे. शिवाय या घरांत दोष बहुधा बाईच्या माथी मारला जातो, तिनेच गरोदरपणी काही खाल्ले, ग्रहणात काही चिरले. त्या सर्वांनी ऐकून ठेवावे की हा तुकडा बापाकडून यायचा असतो. आणि बापाचाही यात अपराध नाही. बहुतेक मुलांत ही गोष्ट बीजाच्या घडणीत आपोआप घडते, ती कोणाच्या आहाराने, आचाराने वा संकल्पाने घडत नाही. अशा घरांपैकी बहुतेकांत पुढच्या अपत्याला हा विकार होण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी असतो. क्वचित एखाद्या घरात तो अधिक असू शकतो, म्हणून तेवढी चौकशी आनुवंशिकीच्या डॉक्टरांकडे अवश्य करावी.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. तहान, भूक, झोप, अंगाची ऊब, देहाची वाढ, या साऱ्यांची चौकी तिथे. आपण जेवतो, पोटातून निरोप निघतात, चौकीवर पोचतात, आणि आपण ताटावरून हात उचलून म्हणतो, पुरे. या मुलांत ही चौकीच नीट घडलेली नसते. भूक जागवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य त्यांच्या रक्तात अधिक सापडते. नेदरलंडमधील डिक स्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली या विकाराने मृत झालेल्यांचे मेंदू तपासले. तृप्तीशी ज्यांचा संबंध असावा अशा काही पेशी त्यांना तिथे सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळल्या. जिवंतपणी मेंदूची छायाचित्रे घेऊनही हे पाहिलेले आहे. पोटभर जेवण झाल्यावर अन्नाची चित्रे दाखवली तर इतर माणसांच्या मेंदूतली ओढ ओसरलेली दिसते. या मुलांत ती जशीच्या तशी राहते, कधी वाढतेसुद्धा. म्हणजे आपण ज्याला हाव म्हणतो ती त्यांच्या लेखी भूकच. त्यातून त्यांना दुखणे कमी कळते, उलटी क्वचितच होते. एखाद्या सणाच्या दिवशी हाती लागेल तितके खाऊन पोट फुटेपर्यंत मजल जाते, आणि मूल पोट दुखतेय म्हणून सांगतही नाही. स्नायू कमी असल्यामुळे समवयस्कांच्या मानाने थोडक्या अन्नावरही वजन चढते, मग श्वास, हृदय, मधुमेह असे सारे मागोमाग येते.

एका सप्ताहात काल्याच्या पंगतीला आम्ही पाहिलेली गोष्ट आहे. बारा-तेरा वर्षांचे एक मूल पानावर बसले होते. बुंदी संपली की ते वर पाही आणि वाढप्या लगेच झुकून वाढी. वाढप्याला मोठे कौतुक, पोरगं कसं मन लावून जेवतंय! चौथ्या वेळी आई बायकांच्या पंगतीतून उठून आली आणि तिने मुलाचे मनगट धरले. मूल किंचाळले, आडवे पडले, पत्रावळ उधळली. साऱ्या पंगतीचे डोळे त्या बाईकडे. एक म्हातारबुवा म्हणाले, “अगं, देवाच्या दारात तरी लेकराला पोटभर जेवू दे की! सावत्र आहेस का काय?” बाई काही बोलली नाही. काय बोलणार? पंधरावे गुणसूत्र पंगतीत कसे समजावून सांगावे? म्हातारबुवांच्या मनातही दयाच होती. वाढप्याच्याही मनात दयाच होती. आणि त्या सबंध मांडवात खरी दया करणारी बाई तेवढी निर्दय ठरली.

आम्हाला वाटते, आमच्या अन्नधर्माची कसोटी इथे लागते. अन्नदान थोर का? अन्नाने जीव तगतो म्हणून. भुकेल्याला घास देताना आपण त्याच्या जिवाकडे पाहत असतो, हाताकडे नाही. मग ज्याचा जीव अन्नानेच जातो त्याच्यापुढे हात आखडणे हा त्याच धर्माचा भाग झाला. वैद्य जलोदराच्या रोग्याचे पाणी मोजून देतो, त्याला कोणी पाणपोई बंद केली म्हणून शिव्या देत नाही. देण्यात आपल्याला सुख असते, ‘घे बाळ’ म्हणताना आपले मन भरून येते. नाही म्हणताना काहीच भरून येत नाही, उलट किंकाळी ऐकावी लागते. पहिल्यात पुण्य आणि सुख दोन्ही मिळतात म्हणून ते सोपे. दुसऱ्यात नुसते कर्तव्य आहे, आणि वर लोकापवाद.

यावर कोणी शहाणा म्हणेल, मेंदूच्या बिघाडाने चोरी माफ होत असेल तर उद्या सगळेच चोर मेंदू दाखवतील. इंद्रियनिग्रहाचा उपदेश मग कोणाला करायचा? प्रश्न रास्त आहे. उपदेश त्यालाच करावा ज्याच्या आत ‘पुरे’ म्हणणारा कोणी आहे आणि तरी तो ऐकत नाही. आमच्यातले बहुतेक त्या वर्गात मोडतात. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण या मुलांवरून पडलेली नाही! साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरईचा भात आणि वर शेंगदाण्याची आमटी हाणून निग्रहाच्या गोष्टी सांगणारे आपण. आपल्या चौकीवरचा शिपाई जागा असतो, आपण त्याला डावलतो. तो आपला दोष. या मुलांच्या चौकीवर शिपाईच नेमलेला नाही. आंधळ्याने पोथी वाचली नाही म्हणून त्याला आळशी ठरवता येत नाही. आणि आपण ज्या दिवशी खरोखर निराहार राहतो, त्या दिवशीच्या निग्रहात आपला वाटा किती आणि त्या बदामाएवढ्या मांसाच्या गोळ्याचा किती? हे आम्हाला तरी वेगळे काढून दाखवता येत नाही. उपवासाचा अभिमान बाळगणाऱ्याने या मुलाशेजारी घटकाभर बसावे.

मात्र याचा अर्थ असा नव्हे की ही मुले म्हणजे नुसती कळसूत्री बाहुली. त्यांना बरेवाईट कळते. अनेक मुले लाघवी असतात, लहानग्यांना आणि जनावरांना जीव लावतात. बहुतेकांची बुद्धी थोडी मंद असली तरी ती लिहा-वाचायला शिकतात. चित्राचे तुकडे जोडण्याच्या खेळात तर कित्येकदा धडधाकट मुलांना मागे टाकतात. अन्नाची गोष्ट आली की तेवढी ती हतबल होतात, आणि हे त्यांचे त्यांनाही ठाऊक असते. म्हणून स्वयंपाकघराला कुलूप घालणे क्रूर वाटले तरी परिणाम उलटा होतो, असे ही मुले सांभाळणारे सांगतात. उघड्या फडताळासमोर मूल दिवसभर तळमळते: मिळेल का, कधी मिळेल, कसे मिळेल? जेवण कधी आहे हे पक्के ठाऊक, त्यात काय आहे हे ठाऊक, आणि त्याखेरीज काही मिळणार नाही हेही ठाऊक, असे झाले की तळमळ उतरते. अर्धवट आशा हीच त्यांची मोठी पीडा. शेजारणीने आईला चोरून दिलेला एक पेढा त्या दिवसाला संपत नाही. उद्याही मिळेल म्हणून मूल आठ दिवस तिच्या दाराशी घुटमळत राहते.

या मुलांचा संताप हाही असाच गैरसमजाचा विषय. ठरलेली गोष्ट बदलली की ती बिथरतात. तोच प्रश्न वीस वेळा विचारतात. बोटांनी कातडी उकरून जखमा करतात. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २००९ साली दाखवले की एका कामावरून दुसऱ्याकडे मन वळवण्याची जी शक्ती मेंदूत असते ती या मुलांत अधू असते, आणि अचानक बदलावर उसळणाऱ्या रागाशी तिचा संबंध दिसतो. तेव्हा त्याला उद्धट म्हणून चोप देणाऱ्या मास्तरांनी आधी एवढे करून पाहावे, बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. वारकऱ्याच्या घरात याला एक अनुकूल गोष्ट असते, ती म्हणजे नित्यनेम. संध्याकाळी ठरल्या वेळी तोच हरिपाठ, त्याच क्रमाने, तीच आरती. ज्याला बदल सोसत नाही त्या मनाला यात विसावा मिळू शकेल. हा उपचार आहे असे आम्ही म्हणत नाही. बरे होईल म्हणून कोणी गंडेदोरे बांधू नयेत, औषध सोडू नये. पण टाळ हातात घेऊन बसता येईल, ठेका धरता येईल. आणि देवळात प्रसाद वाटणाऱ्याने अशा मुलाला पेढा देण्याऐवजी कपाळी बुक्का लावावा, हाती तुळस द्यावी. पांडुरंगाला काही कमी पडणार नाही.

डॉक्टरी उपाय आहेत, पण भूक पार मिटवणारा अजून हाती आलेला नाही. रक्ताच्या एका तपासणीत निदान होते, आणि ते तान्हेपणीच झाले तर पुढचे पुष्कळ टळते. वाढीच्या संप्रेरकाची टोचणी अमेरिकेत २००० साली या मुलांसाठी मान्य झाली. तिने उंची, स्नायू, अंगाची ठेवण सुधारते. भुकेवरचे एक औषध, डायझॉक्साइड कोलीन, तिथेच मार्च २०२५ मध्ये मान्य झाले. ते काहींची भूक सौम्य करते. पण औषध चालू असले तरी कुलूप काढता येईल अशी आशा धरू नये, आणि ते महागही आहे. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात या विकाराचे नाव आहे, हे अशा पालकांनी ध्यानात ठेवून मोठ्या रुग्णालयात चौकशी करावी.

पूर्वी अशी मुले फार जगत नसत. आता नीट सांभाळली तर ती मोठी होतात, प्रौढ होतात, आणि भूक त्यांच्याबरोबर राहते. आईबाप थकतात. मग किल्ली कोणाच्या हाती जाणार? घरोघर वाटणीचे कागद होतात, त्यांत शेत येते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या येतात, बांधावरचा आंबा कोणाचा हेसुद्धा येते. भावाच्या ताटाचा हिशेब कोण ठेवणार हे मात्र येत नाही. आमची अशा घरांना विनंती आहे की आईबाप हिंडतेफिरते आहेत तोवर तेही बोलून, लिहून ठेवावे. सकाळी किती वाजता न्याहारी, भाकऱ्या किती, त्या कोणी मोजायच्या, फडताळाची किल्ली कोणाच्या कमरेला, पाहुणे आले, लग्नकार्य निघाले, दिंडी मुक्कामाला आली तर त्या दिवशी त्याच्याजवळ कोण बसेल. घरात नव्याने येणाऱ्या सुनेला पहिल्याच आठवड्यात हे सारे समजावून सांगावे, म्हणजे दीर काकुळतीने भाकरी मागत असताना नाही म्हणताना तिचा जीव तुटला, तरी तिला आपण पाप करतो आहोत असे वाटणार नाही.